वाचक विचारतात : कमी उंचीचा हेडर आणि कर्णधाराचा पट्टा

प्रश्न : मी कोल्हापूरला तालमीच्या फुटबॉल संघाकडून स्ट्रायकर (गोल करणारा आघाडीपटू) खेळतो. उंची कमी, म्हणून सगळे सांगतात, हेडरचा (डोक्यानं चेंडू मारण्याचा) नाद सोड. खरंच सोडू का?

उत्तर : मुळीच नको. भारताचा स्ट्रायकर सुनील छेत्री जेमतेम 5 फूट 7 इंचांचा. तरी मार्च 2025मध्ये, वयाच्या चाळिशीत, शिलाँगला मालदीवविरुद्ध त्यानं हेडरवरच गोल केला. क्रॉस (मैदानाच्या कडेनं गोलसमोर टाकलेला चेंडू) गोव्याच्या लिस्टन कुलासोचा होता.

इथे उंचीपेक्षा वेळ साधणं महत्त्वाचं. क्रॉस सुटेपर्यंत बचावपटूच्या पाठीमागे, त्याच्या नजरेआड राहा. चेंडू सुटला की दोन-तीन जलद पावलं टाकून त्याच्या पुढे घुसा आणि एका पायावर उडी घ्या. जागच्या जागी दोन्ही पायांवर घेतलेली उडी तोकडी पडते. डोळे उघडे, हनुवटी आत, मान ताठ. चेंडू कपाळावर घ्या, जोर कमरेतून द्या आणि रोख गोलरेषेकडे, खाली ठेवा. बहुतेकांची उडी लवकर पडते. मग खाली येताना चेंडू टाळूला लागतो आणि बारवरून जातो. सरावाला मित्रानं पाच-सहा मीटरवरून हातानं चेंडू फेकावा. दहा हेडर पुरेत. डोकं दुखलं किंवा गरगरलं तर त्या दिवशी खेळच बंद.

प्रश्न : छेत्री खेळला तेव्हा कर्णधार कायम तोच असायचा का?

उत्तर : नाही. जून 2005मध्ये क्वेट्टाला पाकिस्तानविरुद्ध पदार्पणातच गोल करणारा छेत्री तेव्हा संघातला नवखा पोरगा होता. पुढे अनेक वर्षं कर्णधाराचा दंडावरचा पट्टा त्याच्याकडे राहिला, पण 2019च्या आशियाई चषकात प्रशिक्षक कॉन्स्टन्टाईन यांनी दर सामन्याला कर्णधार बदलला : थायलंडविरुद्ध गोलरक्षक गुरप्रीत, यूएईविरुद्ध छेत्री, बहारीनविरुद्ध प्रणय हलदर. थायलंडला 4-1 हरवताना छेत्रीनं पट्ट्याविना दोन गोल केले. तरीही ही फिरती पद्धत आम्हाला पटत नाही. शेवटच्या दहा मिनिटांत पुढे चढायचं की मागे थांबायचं, हे सांगणारा आवाज एकच हवा, आणि तो सगळ्यांच्या कानाला सवयीचा हवा.

जून 2024मध्ये कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी झाली, तेव्हा 151 सामने आणि 94 गोलांवर छेत्री आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाला. मालदीवविरुद्धचा गोल पुनरागमनातला, 95वा.

प्रश्न : पट्टा घातला की पंचांशी वाद घालायचा हक्क मिळतो का?

उत्तर : नाही. नियमानुसार कर्णधाराला खास सवलत नाही. संघाच्या वर्तनाची थोडी जबाबदारी मात्र त्याच्यावर असते. विचारणा शांतपणे करावी. हुज्जत घातली तर पिवळं कार्ड त्यालाही मिळतं.