डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरकडून काय समजून घ्यायचं?

तुम्ही विचारलंय की वडलांना शुगर आणि हार्टचा त्रास, परवा बेळगावातून डिस्चार्ज, गाव खानापूरच्या पलीकडे, तर घरी नेताना सिस्टरला काही विचारायचं का, की सगळं डॉक्टरांनाच. दादा, मी इथंच १६ वर्षं वॉर्डात नर्स आहे. सिस्टरला विचाराच, अजिबात संकोच करू नका, गोळ्या लिहून डॉक्टर देतात पण घरी त्या कोण देणार, कशा देणार हे बघायचं काम आमचं.

एक मावशी कणकुंबीकडच्या, घरी गेल्या आणि चौथ्या दिवशी पहाटे घामानं भिजून बेशुद्ध होऊन परत आल्या, शुगर पार खाली. मुलानं पिशवी उघडली तर इन्शुलिनची बाटली १०० वाली, म्हणजे एका एमएलमध्ये १०० युनिट, आणि सिरिंज लाल टोपणाची म्हणजे ४० ची, एमएलला ४० युनिटवाल्या बाटलीसाठीची. पोरगं बिचारं मोजून २० च्या रेघेपर्यंतच भरत होतं, पण त्या सिरिंजमध्ये तेवढ्यात अर्धा एमएल बसतं, म्हणजे १०० वाल्या बाटलीचे ५० युनिट, अडीच पट डोस! चूक त्याची नव्हती हो. आम्ही डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत दिलं, सांगितलं कन्नडात, आणि त्यानं मान हलवली म्हणजे समजलं असं धरलं. मावशी वाचल्या, पण मला ते अजून लागून राहिलंय.

तेव्हापासून मी नुसतं सांगत नाही, घरी जो इंजेक्शन देणार त्याच्याकडून माझ्यासमोर सिरिंज भरून घेते. १०० च्या बाटलीला केशरी टोपणाचीच सिरिंज, मेडिकलवाल्याला बाटली दाखवूनच घ्या. आणि घरातल्या जुन्या गोळ्या सगळ्या पिशवीत घालून आणा, नाव वेगळं पण औषध तेच असं खूप निघतं, मग माणूस दोन्ही घेत बसतो. पाकिटांवर पेनानं मराठीत सकाळ, रात्र, जेवणाआधी लिहून मागा, वॉर्डाचा फोन नंबरही घ्या. कार्डाची झेरॉक्स गावच्या आशाताईला द्या, बीपी-शुगर कुठं बघायची ते ती सांगेल.

हार्टसाठी रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. दोन-तीन दिवसांत २ किलो वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागायला लागला तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा, आणि दम जास्तच असला तर सरळ १०८ ला फोन लावा. पावसाळ्यात तिकडं रेंज जाते, तेव्हा शेजाऱ्यांपैकी कुणाची गाडी मिळेल ते आधीच बोलून ठेवा.