तत्त्वज्ञान धरू की नाटक?

प्रश्न : सर, नमस्कार. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय तत्त्वज्ञान, पण जीव सगळा नाटकात. घरचे म्हणतात एक काय ते धर, दोन्हीकडं पाय ठेवून कुणी प्राध्यापक होत नाही. खरंच असं कुणी केलंय का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : केलंय की. स्टॅन्ली कॅव्हेल (१९२६-२०१८) म्हणून अमेरिकन प्राध्यापक होते, त्यांची वाट तर तुझ्याहून आडवळणाची, आधी संगीत शिकले, पुढं न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत गेले, मग ते सोडून तत्त्वज्ञानाकडं वळले आणि १९६३ ते १९९७ हार्वर्डला शिकवलं. १९६९ च्या पहिल्याच पुस्तकात त्यांनी विट्गेनश्टाइन या तत्त्वज्ञावरच्या लेखाशेजारी शेक्सपिअरच्या किंग लिअर नाटकावर भलामोठा लेख छापला. त्यांच्या विषयातल्या कित्येकांना ते पटायचं नाही, पण त्यांनी सोडलं नाही.

तुला नाटक आवडतं म्हणून शेक्सपिअरच्याच ऑथेल्लोचं सांगतो, आपल्या देवलांनी ज्याचं झुंझारराव केलं तेच. मला खात्रीनं काय माहीत आहे, हा देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा प्रश्न तू शिकलीच आहेस. कॅव्हेल म्हणतात ऑथेल्लो हाच प्रश्न बायकोबद्दल, डेस्डेमोनाबद्दल विचारतोय, ती एकनिष्ठ आहे का याचा पुरावा मागतोय आणि शेवटी तिचा दुसऱ्याकडं सापडलेला एक रुमाल त्याला पुरतो. एवढ्याशावर का विश्वास बसला? कारण डेस्डेमोना आपल्याहून वेगळी, स्वतःचं मन असलेली जिवंत बाई आहे हेच त्याला सोसत नाही, त्यापेक्षा संशय घेणं सोपं जातं. दुसऱ्याचं मन पुराव्यानं सिद्ध करायचं नसतं, ते मान्य करावं लागतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रभर झोप आली नव्हती, आधुनिक तत्त्वज्ञानाचा अख्खा पेपर त्या एका रुमालात दिसला मला.

आता नोकरीचं. एम.ए. तत्त्वज्ञानातच कर, सध्याच्या नियमानं प्राध्यापकीसाठी खुल्या गटाला त्यात ५५ टक्के लागतात, नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा त्याच विषयात दे, आणि नाटक पीएच.डी.च्या विषयात आण. जागा कमी निघतात, तयारीला वेळ लागेल, हे घरच्यांना आत्ताच नीट सांगून ठेव, लपवू नको.

आणि पुढचं नाटक बघून आलीस की दोन पानं लिही, कुठल्या पात्राला काय माहीत होतं आणि तरी त्यानं काय मान्य केलं नाही ते. मला पाठव, मी वाचीन.