एकच कोअर जास्त तापतोय? आधी कूलर बघ

मित्रा, तू प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलास, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं चालवलास, आणि आता त्याचे तीन कोअर (आकडेमोड करणारे आतले भाग) सत्तर अंशांवर आणि एकच सत्याहत्तरवर, एवढ्यानं घाबरू नकोस. पाच-सात अंशांचा फरक असतोच. मधल्या कोअरना शेजाऱ्यांचीही धग लागते. शिवाय इंटेलचे सेन्सर कमाल तापमानाच्या मर्यादेजवळ जास्त अचूक असतात. मशीन रिकामं असतानाचे आकडे धरून बसू नये. तुलना लोडवरच, म्हणजे पूर्ण ताण असतानाच कर, प्राइम९५ हा ताण देणारा प्रोग्राम अर्धा तास चालवून.

फरक पंधरा-वीसचा असेल तर मात्र कूलर उतरव. त्याच्या तळाला थर्मल पेस्टचा (उष्णता कूलरकडे नेणाऱ्या लेपाचा) ठसा कसा उमटलाय ते नीट बघ. एका कोपऱ्यात जाड थर आणि समोरच्या कोपऱ्यात जवळजवळ कोरडं, म्हणजे कूलर तिरका बसलाय. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, मधोमध वाटाण्याएवढी नवी घाल आणि स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळ. एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं नको. तरीही तोच कोअर तापला तर दोष प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली असू शकतो: इंटेलच्या २०१२च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमध्ये तिथे सोल्डर नाही, पेस्टच आहे. झाकण उघडायच्या फंदात सध्या पडू नकोस, चिप हातची जाईल.

ओव्हरक्लॉकची मर्यादा सगळ्यात गरम कोअरवर ठरव, सरासरीवर नाही. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून शेवटच्या शंभर मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज चढवणं मला तरी परवडत नाही. आणि नाशिकच्या जानेवारीत जमवलेलं सेटिंग मे महिन्यात तसंच चालेल असं समजू नकोस. खोली जितकी तापते, साधारण तितकाच कोअरही वर जातो. पंधरा अंशांची सवड आत्ताच ठेव.