वाचक विचारतात: मुंबईची मर्ल टास्मानियाची कशी झाली?

प्रश्न: २०२३ ला मिशेल योला बेस्ट अॅक्ट्रेसचं ऑस्कर मिळालं तेव्हा आशियातली पहिली म्हणून सगळीकडं आलं. खरं आमचे मामा म्हणायचे की लई वर्षांमागं मुंबईच्या एका बाईला नॉमिनेशन झालं होतं. मामा कॅम्पात इंग्लिश पिक्चर सोडायचे नाहीत. आता ते नाहीत, पैज मात्र घरात चालूच आहे. कोण बरोबर?
(एक वाचक, खानापूर)

उत्तर: पैज मामांच्या नावावर जमा करा. जिंकणारी पहिली योच, त्यात वाद नाही. नॉमिनेशन मात्र १९३५ च्या ‘द डार्क एंजल’साठी मर्ल ओबेरॉनला झालं होतं, त्या वर्षी ऑस्कर बेटी डेव्हिसनं नेलं. ही मर्ल १९ फेब्रुवारी १९११ ला मुंबईत जन्मली, वाढली कलकत्त्यात, पूर्ण नाव एस्टेल मर्ल ओब्रायन थॉम्पसन, आणि लाडाचं क्वीनी. आता गंमत बघा, ती आशियातली आहे हे तेव्हा हॉलिवूडला ठाऊकच नव्हतं, तिनं आपण टास्मानियाच्या असं सांगून ठेवलेलं. म्हणून २०२३ ला काही पेपरवाल्यांनी ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असं जपून लिहिलं. पैज कुंद्याची असेल तर अर्धा किलो आमच्याकडं पाठवायला हरकत नाही.

प्रश्न: टास्मानियाच का पण? आणि एवढं लपवण्यासारखं काय होतं?
(एक वाचक, शहापूर, बेळगाव)

उत्तर: टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या खालचं बेट, तेव्हा ब्रिटिश साम्राज्यातलंच, आणि लंडनपासून इतकं लांब की चौकशीला कोण मरायला जातंय तिथं! १९३३ ला निर्माता अलेक्झांडर कोर्डानं तिला आठव्या हेन्रीवरच्या पिक्चरात राणी अॅन बोलिनचा छोटा रोल दिला, तिथून तिचं नशीब उघडलं, आणि प्रसिद्धीसाठी ही जन्मकथाही तयार झाली. जन्माचे कागद आगीत जळाले असंही जोडून दिलं. आम्हाला याचा हेवाच वाटतो, कारण २०१४ ला गावाचं नाव बदलल्यापासून आमच्या एका कागदावर बेळगाव आणि दुसऱ्यावर बेळगावी आहे, माणूस एकच हे सांगायला दर काउंटरवर अॅफिडेव्हिट, आणि हिनं अख्खा देश बदलला तरी कुणी दाखला मागितला नाही.

लपवायचा होता तो रंग. तेव्हा अमेरिकेचा कायदा असा की भारतातल्या माणसाला तिथं वस्तीला येणं जवळपास बंद, १९२३ च्या एका निकालानंतर नागरिकत्वही नाही, ते दार १९४६ ला थोडं उघडलं. पिक्चरांच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायलाच मनाई. अशात हिरॉइनच्या घरात सावळी आई! शार्लट तिचं नाव, ती लंडनला लेकीजवळच राहायची आणि पाहुणे आले की मोलकरीण म्हणून वावरायची. १९३७ ला ती गेली. पुढं मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं ऑइल पेंटिंग करून घेतलं, आणि चित्रकाराला सांगितलं, रंग उजळ काढा. आम्हाला हे वाचून राग यावा की रडू हेच कळेना.

आणि मर्ल गेल्यावर मुंबईतला जन्मदाखला बाहेर आला तर त्यात आई म्हणून भलतंच नाव! शार्लट ही आजी निघाली, जन्म दिला होता तिच्या लेकीनं, कॉन्स्टन्सनं, ती पोर तेव्हा शाळकरी वयाची.

प्रश्न: विव्हियन ली पण दार्जिलिंगची ना? तिला कसं चाललं मग?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर: आईबाप गोरे म्हणून ओळखले जायचे, त्यामुळं चाललं. दार्जिलिंग म्हटलं की लोकांना चहाचे मळे आठवायचे, मर्लनं मुंबई म्हटलं असतं तर लोक आईकडं बघायला लागले असते. दोघींची टक्कर पण झाली बरं का. ‘वुदरिंग हाइट्स’मध्ये कॅथीच्या रोलला हिरो लॉरेन्स ऑलिव्हिए याला विव्हियन हवी होती, मिळाली मर्ल. विव्हियनला दुय्यम रोल देत होते, तिनं नाही म्हटलं, आणि तिला ‘गॉन विथ द विंड’ मिळाला. दोन्ही पिक्चर १९३९ चे, ऑस्कर विव्हियनला.

प्रश्न: माझा भाचा लग्नाच्या शूटिंगा करतो. तो म्हणतो कॅमेऱ्यावरच्या लाइटला ‘ओबी’ म्हणतात ते या बाईवरनंच. थापा मारुलालाय काय?
(एक वाचक, चिकोडी)

उत्तर: भाचा खरं बोलतोय, त्याला चहा पाजा. १९३७ ला लंडनमध्ये मर्लच्या गाडीला अपघात झाला, चेहऱ्यावर व्रण राहिले, चालू असलेला पिक्चरही कायमचा बंद पडला. पुढं १९४४ च्या ‘द लॉजर’च्या वेळी कॅमेरामन ल्युसियन बॅलार्डनं लेन्सजवळच एक लाइट बसवला. लाइट बाजूनं पडला की खड्ड्याची सावली दिसते, अगदी समोरून पडला की सावली व्रणाच्या मागं लपते आणि चेहरा सपाट, गुळगुळीत येतो. ओबेरॉनवरून ओबी. मर्ल आणि बॅलार्डनं पुढच्याच वर्षी लग्न केलं, १९४९ ला मोडलं.

आपल्याकडचे जुने स्टुडिओवाले हेच पेन्सिलीनं करायचे. पोरगीचा फोटो स्थळाला पाठवायचा असला की निगेटिव्ह काचेवर ठेवून, खालून उजेड घेऊन, देवीचा एकेक व्रण टोकदार पेन्सिलीनं भरून काढायचे. ‘टचिंगचे वेगळे पडतील’ म्हणायचे. आमच्या आत्याचा असा टचिंग केलेला फोटो आहे, त्यात आत्या सोडून सगळं छान आलंय.

प्रश्न: ती टास्मानियाला कधी गेली तरी का?
(एक वाचक, अथणी)

उत्तर: गेली की, १९७८ ला. हॉबर्टच्या महापौरांनी गावची लेक आली म्हणून सत्कार ठेवला. तिथं तिनं आपला जन्म इथला नाही असं सांगितलं आणि तब्येतीचं कारण देऊन लवकर निघून गेली असं म्हणतात. पुढच्या वर्षी, २३ नोव्हेंबर १९७९ ला, मालिबूला ती वारली. मुंबईचा दाखला सापडला, त्यावर डॉक्युमेंटरी पण आली, तरी टास्मानियातली काही म्हातारी माणसं ऐकेनात, ‘ती आमच्या सेंट हेलेन्स गावच्या हॉटेलात काम करणाऱ्या चिनी बाईची पोरगी, आम्हाला पक्कं ठाऊक आहे’ म्हणायची.