बाहेरची रांग आणि आतली मोरी

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

रविवारी सकाळी दारात रांग लागते, गिऱ्हाइके चिडतात, म्हणून आणखी एक आचारी ठेवू का, असे तू विचारले आहेस. सदाशिव पेठेतल्या माझ्या हॉटेलात हाच प्रश्न मला पडला होता आणि मी घाईने आचारी वाढवून मोकळा झालो होतो.

रांग तसूभरही कमी झाली नाही. अखेर एका रविवारी गल्ला सोडून मी घड्याळ घेऊन आत उभा राहिलो. कट उकळत होता, फरसाण तयार होते, दोन्ही आचारी हात बांधून उभे होते आणि स्वच्छ ताटली मात्र एकही नव्हती. टेबल उठले तरी वेटर नव्या ऑर्डरी घेण्यात गुंतलेले असत, त्यामुळे खरकट्या ताटल्यांचा ढीग मोरीत एकदमच येऊन पडे आणि तिथे भांडी घासायला एकटे मामा होते. वाट पाहून निवलेली मिसळ गिऱ्हाईक परत पाठवी आणि ती गरम करण्यात आणखी वेळ जाई. मोरीवर दुसरा माणूस दिला, टेबले उचलायला एक वेगळा मदतनीस ठेवला आणि दोन आठवड्यांत रांग आटोक्यात आली.

हॉटेलात एकूण किती माणसे उरकतील, हे सर्वांत अडलेली जागा ठरवते. अमेरिकन संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम इथे उपयोगी पडतो: आत असलेली सरासरी माणसे म्हणजे तासाला येणारी माणसे गुणिले प्रत्येक जण आत सरासरी किती तास घालवतो तो वेळ. तुझ्या चाळीस खुर्च्या भरलेल्या असतील आणि माणूस चाळीस मिनिटे बसत असेल, तर तासाला साठ जण जेवून जातात. तोच वेळ पन्नास मिनिटांवर गेला की अठ्ठेचाळीस. ती वाढलेली दहा मिनिटे बिलाची वाट पाहण्यात जातात की ताटलीची, हे तुला शोधायचे आहे.

वेटरांवर ओरडू नकोस, हे मी कळकळीने सांगतो. ओरडल्याने माणूस सोडून जातो, उरलेल्यांवर भार पडतो, काम आणखी मंदावते आणि मालक पुन्हा ओरडतो. या चक्रात मी दोन चांगले वेटर गमावले.

डोशाच्या पिठाचेही तसेच आहे, घाईचा उपाय वेळेवर उपयोगी पडत नाही. रविवारी कमी पडले म्हणून सोमवारी दुप्पट डाळ-तांदूळ भिजत घातले, की ते पीठ मंगळवारी हाती येते, आणि मंगळवारी तेवढी गर्दी नसते. त्यातून पुण्यातल्या डिसेंबरच्या थंडीत पीठ फुगायला उन्हाळ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणून मागच्या तीन-चार रविवारांचा खप वहीत पाहून शनिवारी सकाळीच भिजत घालावे.

आचाऱ्याचा निर्णय तूर्त थांबव. येत्या रविवारी नऊ ते अकरा मोरीजवळ उभा राहा आणि ऑर्डर केव्हा गेली, ताटली केव्हा मिळाली, टेबल केव्हा उचलले, या तीन वेळा वीस टेबलांसाठी लिहून मला पाठव.

तुझा,
काका