मग ही आई कुणाची?

पुण्यात शिकायला आलेली मुलं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, "मॅडम, मला नीट बोलताच येत नाही." इंग्रजी अडतं, हे त्यातलं निम्मंच दुखणं. मराठीला 'गावठी' म्हणतात, घरची बोली तर वर्गात काढायचीच सोय नाही. मग मी नेमका कोण, हा प्रश्न हळूहळू पोखरत राहतो.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातला इंजिनिअरिंगचा एक मुलगा असाच आला. (तपशील बदललेत, त्याची परवानगी आहे.) घरी अहिराणी, खानदेशातली बोली. वर्गात काही समजावून सांगताना 'आहे'च्या जागी 'शे' निघून गेलं आणि सगळे हसले. तेव्हापासून तो गप्प. आईचा फोन आला की होस्टेलच्या जिन्यात जायचा, तिथेही पुणेरी बोलायचा. एकदा ती म्हणाली, "तू कोनासारखा बोली राह्यना रे?" हे सांगताना त्याला रडू फुटलं.

जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं मनातलं लिहायला सांगितलं होतं. मीही त्याला वही दिली. शुद्धलेखन बघू नकोस, म्हटलं. पुढच्या वेळी त्याने वाचून दाखवलं, "माझे बालपण ग्रामीण भागात गेले. माझी आई कष्टाळू आहे."

"तू आईला आई म्हणतोस?"

"नाही. माय."

"मग ही आई कुणाची?"

तो बराच वेळ वहीकडे बघत बसला. मग पान उलटून माझ्यासमोरच लिहिलं आणि वाचलं, "माय वावरमा जास. ती तठे शे. मी आठे शे." तीनच वाक्यं. पण आवाज पोटातून आला. 'शे'शी तो अडखळला नाही.

त्या दिवशी मलाही माझी चूक दिसली. आधीच्या पाच भेटींत तो जे बोलला ते मी 'म्हणजे तुला असं वाटतं' म्हणत माझ्या प्रमाण मराठीत परत सांगत होते. वर्ग हसून जे करत होता, तेच मी मायेने करत होते. माणूस स्वतःची गोष्ट जशी सांगतो तसा तो स्वतःला ओळखतो, या मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एपस्टन या थेरपिस्टांच्या वाटेने मी कित्येक वर्षं काम करते आहे. गोष्ट कुठल्या बोलीत सांगितली जाते यालाही महत्त्व असतं, हे मात्र मला या मुलाने शिकवलं. आता माझ्या टिपणांत मुलांचे शब्द जसेच्या तसे असतात, आणि या वहीने पुढे अनेक मुलं बोलती झाली, याचं मला समाधान आहे.

प्रमाण मराठी शिकाच, इंग्रजीही शिका. परीक्षेला, नोकरीला दोन्ही लागतात. पण घराला खोली वाढवताना कुणी चूल मोडत नाही. जळगावच्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी त्यांच्या ओव्या बोलीतच उतरवून घेतल्या, म्हणून त्या आज आपल्याकडे आहेत. त्यांनी 'सुधारून' लिहिल्या असत्या तर?

आईवडिलांनो, मूल फोनवर शहरी बोललं तर "शहाणा झालास" असा टोमणा मारू नका, आणि पाहुण्यांसमोर "नीट बोल" म्हणून दटावूही नका. दोन्हीकडून मार बसला की मूल तोंड मिटतं.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर वहीवर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बाकीच्यांनी आज रात्री पंधरा मिनिटं काढा. घरच्यांशी शेवटचं जे बोललात, ते वाक्य तोंडातून निघालं तसंच लिहा. तिथून पुढे सुरू करा.