आधी वॉर्ड ऑफिस, मग खोकी

तुम्ही विचारलंय की १० ऑगस्टला ॲम्स्टरडॅमला निघायचंय, हातात नऊ आठवडे आहेत, दादरचं भाड्याचं घर रिकामं करायचंय, बरोबर नवरा आणि पाच वर्षांची मुलगी, तर पॅकिंग कधी सुरू करू? पॅकिंग सध्या विसरा. २०१८ मध्ये आम्ही गिरगावातून इकडे, ॲम्स्टरडॅमशेजारच्या ॲम्स्टलवेनला आलो, तेव्हा मी पहिल्याच रविवारी खोकी आणून ठेवली होती. महिनाभर ती पॅसेजमध्ये येता-जाता पायात आली. खरा वेळ गेला भलतीकडेच.

मुलाच्या जन्मदाखल्यात नवऱ्याच्या नावाच्या स्पेलिंगमधला एक एच गायब होता. पाच वर्षं कुणाचं लक्ष नाही. आता आधी वॉर्ड ऑफिसात दुरुस्ती, मग राज्य सरकारचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा यासाठीचा शिक्का. एक झाल्याशिवाय पुढचं हलत नाही, आणि त्यातल्या कुठल्याच खिडकीला तुमच्या विमानाची तारीख ठाऊक नसते. म्हणून आज रात्री जेवणं झाली की जन्मदाखले, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट पलंगावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे, त्यामुळे वकिलातीच्या वेगळ्या शिक्क्याची भानगड नाही. इंग्रजी कागद इथे चालतात, त्यामुळे मराठी-इंग्रजी दाखल्याचं भाषांतरही लागत नाही. इथे उतरल्यावर पाच दिवसांत नगरपालिकेत नोंदणी करायची असते आणि तिथे मूळ कागद दाखवावे लागतात. तेव्हा ते जहाजाच्या सामानात जाता कामा नयेत. मुलीचं लसीकरणाचं कार्डही त्याच पिशवीत ठेवा. पाच वर्षांपासून इथे शाळा सक्तीची आहे, शाळांना आत्ताच मेल टाकून ठेवा.

दुसरं, काय न्यायचं ते ठरवणं. हे काम हातांचं कमी, डोक्याचं जास्त. न्हावा-शेव्याहून निघालेलं आमचं सामान दारात यायला दहा आठवडे लागले. २०२३ च्या अखेरीपासून बरीच जहाजं लाल समुद्र टाळून आफ्रिकेला वळसा घालतात, म्हणजे त्याहून जास्तच धरा. पहिले तीन महिने सुटकेसमधल्या सामानावर काढायचे, अशा हिशेबाने याद्या करा. आणलेल्या सामानावर आयातकराची माफी हवी असेल तर वस्तू किमान सहा महिने तुमच्या वापरातली असावी लागते, तेव्हा मावशीने निरोपाला दिलेला नवाकोरा डिनर सेट त्यात घालू नका. मावशीला काय सांगायचं ते तुम्ही बघा.

कपाट, पलंग तिथेच सोडा. इथले जिने इतके उभे आणि अरुंद की मोठं फर्निचर बाहेरून खिडकीतून चढवतात, जुन्या घरांच्या माथ्याला त्यासाठी हूकच असतो. भाड्याचं घर बघताना एक डच शब्द ओळखून ठेवा, ‘काल’ (kaal). त्याचा अर्थ उघडंबोडकं. कधीकधी जमिनीवर लाकडी पट्ट्यासुद्धा नसतात, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन गेलेला असतो. मिक्सर मात्र आणा. व्होल्टेज आपल्यासारखंच २३० आहे, फक्त पिन बदलावी लागते. कुकर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा घ्या. ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही.

माळ्यासाठी मी एक संध्याकाळ धरली होती. चार रविवार गेले. सासूबाई खाली पाटावर बसायच्या, नवरा शिडीवरून एकेक वस्तू खाली द्यायचा, आणि प्रत्येकीची एक गोष्ट निघायची. पितळी पुरणयंत्र आलं, त्याचा दांडा हरवलेला. तरी त्यांनी ते पदराने पुसलं, कुणाच्या बारशाला त्यात किती पुरण वाटलं होतं ते सांगितलं आणि परत वर ठेवायला दिलं. मी शेवटी रोज एक तास, माळ्याचा एकच कोपरा, असं ठरवलं. त्या वेळेत गोष्टी ऐकायच्या आणि तास संपला की उठायचं. जुने कपडे बोहारणीला, रद्दी आणि लोखंड भंगारवाल्याला, आणि पुरणयंत्र नणंदेकडे गेलं. हे काम आत्ता सुरू करा, कारण जुलैपासून प्रत्येक शनिवारी कुणीतरी जेवायला बोलावणार. आम्ही अकरा घरी जेवलो. पुन्हा जायचं झालं तर सगळ्यांना एकाच संध्याकाळी घरी बोलावून वडापाव मागवीन.

घरमालकाला नोटीस किती दिवसांची द्यायची ते करारात बघून आत्ताच द्या. सोसायटीत सामान कुठल्या वारी, किती वाजता हलवू देतात तेही विचारा, नाहीतर टेम्पो खाली उभा आणि लिफ्ट बंद. बँकेत जाऊन बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं खातं, करून घ्यायची तयारी ठेवा. मुंबईचा मोबाईल नंबर चालू राहील आणि परदेशात ओटीपी येतील अशी सोय निघण्याआधी करा. ती राहिली की इथे बसून डोकं धरायची वेळ येते.

पॅकिंगला चार दिवस पुरतात. सामान ऐन पावसात निघणार, तेव्हा खोकी गच्चीच्या जिन्यात ठेवू नका. कपड्यांत सिलिका जेल टाका आणि टेम्पोला ताडपत्री आहे ना ते स्वतः बघा. पॅकर्स आले की तुमच्या हाताबाहेर सगळं भराभर होतं. आमच्याकडच्या पोराने टेबलावरची पांढरी फाइलसुद्धा गुंडाळली, त्यात घराचा करार आणि गॅसच्या डिपॉझिटची पावती. नऊ खोकी फोडल्यावर ती दहाव्यात, तव्याखाली सापडली. त्या दिवशी कागदांची पिशवी, पासपोर्ट, औषधं आणि चार्जर बाथरूममध्ये ठेवा आणि बाहेरून कडी घाला.

विमानाच्या बॅगेत तूप, पेढे, खवा ठेवू नका. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. त्या जागेत कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगा टाका.